देहूचे पडके देऊळ आणि श्रीतुकाराम महाराज

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणी नदीच्या काठी देहू हे गाव आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी या गावात मोरे आडनावाचे, आंबिले कुळीचे एक सधन घराणे नांदत होते. घरी शेतीभाती होती, बाजारपेठेची महाजनकी होती, देवघेवीचा व्यवहार होता आणि दुकानदारी होती. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबोवा हे पंढरीचे एकनिष्ठ वारकरी. त्यांना विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती देहूतच मिळाल्या आणि त्यांनी त्यांची स्थापना केली, अशी परंपरागत हकीकत आहे. याच घराण्यात पुढे बोल्होबा व कनकाई या दांपत्याच्या पोटी श्रीतुकाराम महाराजांचा जन्म झाला. जन्मशकाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, सर्वसाधारणपणे इ. स. १६०८ हे साल मानले जाते. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा.

महाराजांच्या चरित्रात चमत्काराच्या कथा पुष्कळ आहेत आणि भाविकांना त्या मुखोद्गत आहेत. पण त्यांनी स्वतः संतांच्या आग्रहावरून आपली जी थोडी हकीकत अभंगातून सांगितली, तीत चमत्काराहून संसारातील दुःखाचाच भाग मोठा आहे. आपण कोण, कोणता धंदा करीत होतो, घरात काय काय झाले, कशाची लाज वाटली, मग कशाला हात लावला, हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकले आहे. चारशे वर्षांपूर्वीचा एक गावकरी दुकानदार आपल्या फजितीची गोष्ट इतक्या उघडपणे सांगतो, ही साधी गोष्ट नव्हे.

सावजींचे मन प्रपंचात रमणारे नव्हते. त्यामुळे वडिलांनी दुकानाचा भार तुकोबांवर टाकला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते असे चरित्रकार सांगतात. चार वर्षे बरी गेली. मुलगा चलाख, गोडबोल्या, हिशेबाला पक्का. त्यांचे लग्न झाले होते. पण पत्नी रखुमाई हिला दम्याचा विकार असल्याने पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह करण्यात आला. घर भरलेले होते. आणि मग एकेक खांब निखळू लागला. प्रथम वडील गेले, आई गेली. पाठोपाठ सावजींची पत्नी वारली. सावजींनी घर सोडले व ते तीर्थयात्रेला निघून गेले, ते पुन्हा देहूस परतले नाहीत. विशीच्या आत तुकोबा घराचे कर्ते पुरुष झाले.

अशा वेळी दुष्काळ आला. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजरात या दोन्ही प्रांतांवर पावसाने पाठ फिरविली. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेच हे वर्ष. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून त्यावरून गाढवांचा नांगर फिरविला होता. म्हणजे वरून अस्मानी आणि खालून सुलतानी. मोगल दरबारच्या बखरकारांनी आणि सुरतेच्या बाजूने प्रवास करणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांनी या दुष्काळाची जी वर्णने लिहून ठेवली आहेत, ती आज वाचवत नाहीत. रस्तोरस्ती प्रेते पडली होती. गावेच्या गावे ओस पडली. माणसांनी पोटची मुले विकली.

देहूच्या महाजनाचे दिवाळे वाजले. ज्यांना धान्य उधार दिले होते त्यांच्याकडेच काही नव्हते, मग वसुली कोणाकडून करायची? बैल गेले, पत गेली, मान गेला. आणि याच दुष्काळात रखुमाई अन्नावाचून गेली. तिचा लहान मुलगा संतोबा तोही गेला. ज्या घरातून गावाला धान्य जात असे, त्या घरची लक्ष्मी पसाभर धान्यासाठी तळमळून मरावी, या एका गोष्टीने महाराजांचे अंतःकरण फाटून गेले. त्यांनी आपल्या आत्मकथनात या मृत्यूचा उल्लेख केला आहे आणि त्याला जोडून लाजेचा उल्लेख केला आहे. दुःखाचा उल्लेख तर कोणीही करील. आपण कमावते असून आपल्या माणसाला वाचवू शकलो नाही, चार लोकांत तोंड दाखवायची सोय उरली नाही, ही लाज मात्र माणूस सहसा मनात पुरून ठेवतो. महाराजांनी ती पुरली नाही.

येथे सावजी आणि तुकोबा या दोघा भावांचा विचार मनात येतो. दोघांनाही पत्नीवियोग झाला. सावजी तीर्थे करीत दूर निघून गेले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या काळी विरक्ताची ती मान्य वाट होती. तुकोबाही घरातून उठले, पण ते गेले देहूपासून थोड्याच अंतरावर असलेल्या भामनाथाच्या डोंगरावर. तेथे ते किती दिवस होते याविषयी वेगवेगळे आकडे सांगतात. अन्नपाण्याची शुद्ध नव्हती. डोंगरावर करमणूक नाही, सांत्वन करणारे नाही. मनात जे जे होते ते सारे समोर येऊन उभे राहिले असेल. कान्होबा भावाला शोधीत डोंगरावर पोहोचले व दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी परत आले.

परत आल्यावर महाराजांनी जे पहिले काम केले ते नीट लक्षात घेण्यासारखे आहे. घरी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची कर्जखते होती. दुष्काळात बुडालेल्या घराला तीच काय ती आशा. परंपरा सांगते की, महाराजांनी ती खते काढून दोन वाटे केले. अर्धा वाटा कान्होबाच्या हाती दिला, कारण त्याच्या संसाराचा निर्णय आपण करणे योग्य नव्हे. आपला अर्धा वाटा त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिला. ज्यांच्या घरी आपल्या घरासारखेच मृत्यू झाले होते, त्यांच्या दारात वसुलीला जाऊन उभे राहण्याचे त्यांच्या मनाने नाकारले. भावाचा वाटा वेगळा काढून देण्यात जो विवेक आहे तो भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या माणसाचा नव्हे.

यानंतरची गोष्ट देवळाच्या जीर्णोद्धाराच्या कामात गुंतलेल्या प्रत्येक ग्रामस्थाने वाचावी अशी आहे. विश्वंभरबोवांच्या वेळचे विठ्ठलाचे देऊळ देहूत पडायला आले होते. भिंती खचल्या होत्या. घरात पैसा असतानाच्या दिवसांत तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, म्हणा किंवा जाऊनही हात लागला नव्हता. आता घर बुडाले, बायको-मूल गेले, व्यापार तोट्यात गेला, आणि अशा वेळी महाराजांच्या मनाने घेतले की हे देऊळ उभे करावे. आपल्या आत्मकथनात त्यांनी व्यापारातील तोट्याच्या पाठोपाठ भंगलेल्या देवळाचा उल्लेख केला आहे. मध्ये दुसरे काही नाही. हातात द्रव्य नव्हते तेव्हा हातच कामाला लावले. दगड वाहिले, माती कालवली, भिंती उभ्या केल्या, असे जुने चरित्रकार वर्णन करतात. त्या कामाला खर्च किती आला आणि कोणी काय दिले याची कोठे यादी नाही.

शोकात बुडालेल्या माणसाला लोक सांगतात की विसरून जा, दुसरीकडे मन रमव. महाराज दगडमाती वाहात होते ते विसरण्यासाठी असे म्हणवत नाही. देऊळ पूर्वजांचे, म्हणजे ज्या घराच्या नाशाचे दुःख होते त्याच घराचे. त्याच गावात, त्याच लोकांच्या नजरेसमोर, रोज त्याच वाटेने माती वाहून नेणे म्हणजे रोज त्या लाजेच्या वाटेनेच जाणे होते. काम झाले तेव्हा देवळाला भिंती आल्या आणि महाराजांना उभे राहायला जागा झाली.

त्या देवळात त्यांनी एकादशीला कीर्तन करण्यास आरंभ केला. पण आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणी सांगितले आहे. मग त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे कोणी कीर्तन करीत असेल तर आपण मागे उभे राहून ध्रुपद धरावे, हा त्यांचा क्रम होता. आपल्या मीरा-भाईंदरच्या राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, गोडदेव अशा गावांतून भजनाला बसणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे आहे. पुढे बुवा, मागे टाळकरी, आणि टाळकऱ्यांत कोपऱ्यात एखादा असा असतो की ज्याच्या घरी नुकतेच काही घडून गेलेले आहे आणि जो बोलत नाही, पण ध्रुपद सोडत नाही. पुढे जगद्गुरू म्हणून ओळखले गेलेले तुकोबा काही काळ तसेच मागच्या ओळीत उभे होते.

माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला आणि रामकृष्णहरी हा मंत्र मिळाला, असे महाराजांनी सांगितले आहे. त्यानंतर पांडुरंगासह नामदेवराय स्वप्नात आले व कवित्व करण्याची आज्ञा झाली. तेव्हापासून अभंगरचना सुरू झाली ती अखेरपर्यंत. मुंबई सरकारने इ. स. १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत.

या अभंगांत केवळ स्तुती व उपदेश आहे अशी समजूत असेल तर ती अपुरी आहे. देवावर रागावलेले तुकोबा तेथे आहेत. देव भेटत नाही म्हणून रडणारे, त्याला कृपण म्हणणारे, त्याच्या दारात धरणे धरणारे, इतकेच काय आपल्यापुरता देव संपला असे संतापाने सांगून टाकणारे तुकोबाही तेथे आहेत. आपल्या मनातील हाव, मोठेपणाची चटक, लोकांच्या बोलण्याने होणारी जखम, आपण ढोंगी तर नाही ना ही शंका, हे सारे त्यांनी देवासमोर मांडले. आत आणि बाहेर अखंड झुंज चालू आहे असे ते सांगतात. संतांना राग येत नाही, शोक होत नाही, अशी आपली एक भाबडी कल्पना असते. गाथा उघडली की ती टिकत नाही. बरे वाटावे म्हणून मनातील काळोख झाकून ठेवण्याची रीत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. त्या रीतीने त्यांचे समाधान होत नव्हते.

एका अभंगात तर त्यांनी आपल्या सर्व आपत्ती एकामागून एक मोजल्या आहेत, आणि दिवाळे निघाले, दुष्काळ पडला, जगात अपमान झाला, धन-गुरे गेली, हे सारे बरेच झाले असे म्हटले आहे. वरवर वाचणाऱ्याला हे निष्ठुरपणाचे वाटेल. परंतु त्या अभंगात त्यांनी कारणही दिले आहे. या दुःखामुळे अनुताप जागा राहिला आणि त्या अनुतापामुळे देवाचे चिंतन सुटले नाही. मरण चांगले, दुष्काळ चांगला, असे त्यांचे म्हणणे नाही. रखुमाईचे मरण त्यांनी अखेरपर्यंत मरणच म्हटले आहे.

जिजाईविषयी येथे थोडे लिहिणे प्राप्त आहे. परंपरेने तिला आवली म्हणून, कजाग म्हणून पुष्कळ हिणविले आहे, आणि कीर्तनात तिच्या नावावर हशा पिकतो. त्या माउलीच्या बाजूने कोणी विचार करीत नाही. सवत अन्नावाचून मेलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. पदरी मुले होती. नवरा कर्जखते नदीत सोडतो, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसतो, आणि चूल हिने पेटवायची. पूर्वीच्या चरित्रकारांनी एक कथा दिली आहे. जिजाईने आपल्या पतीवर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. महाराजांनी मीठ भरले, ते बालाघाटाकडे नेऊन विकले आणि अडीचशे रुपये केले. वाटेत एक गरीब माणूस देण्यापायी छळला जात असलेला दिसला, त्याला ती रक्कम देऊन टाकली व रिकाम्या हाताने घरी आले. भाईंदरच्या मिठागरांवर ज्यांच्या वाडवडिलांनी पायाची कातडी खारवून घेतली, त्यांना मिठाच्या गोणीचे मोल वेगळे सांगायला नको, आणि त्या दिवशी जिजाई काय बोलली असेल तेही सांगायला नको. तरीही ती भाकरी बांधून डोंगर चढून जात असे, जेवल्याशिवाय त्यांना सोडीत नसे. तिचा राग ती गिळीत नव्हती. बोलून मोकळी होत होती. महाराजांनीही तिचे बोलणे अभंगांतून जसेच्या तसे येऊ दिले आहे.

महाराजांची कीर्ती वाढू लागली तसा विरोधही वाढला. ब्राह्मणेतर कुळातील एक वाणी वेदांचा अर्थ प्राकृतात सांगतो, ब्राह्मणही त्याच्या पाया पडतात, हे धर्मशास्त्राच्या अभिमान्यांना सहन झाले नाही. गावातील मंबाजीने दिलेला त्रास सर्वश्रुत आहे. त्याचा उल्लेख संत बहिणाबाईंनीही केला आहे, आणि त्या तर स्वतः देहूस राहून हे पाहात होत्या. वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे मोठे पंडित. त्यांच्या निषेधामुळे महाराजांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या.

एकदा कर्जखते बुडविली ती स्वखुशीने. या वेळी बुडविले ते आयुष्याचे संचित. ज्या अभंगांत सारा शोक, सारी लाज, सारे भांडण उतरले होते, तेच डोहात गेले. महाराज देवळासमोर धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्नपाणी घेतले नाही. लोक म्हणू लागले की पूर्वी खते बुडविली, आता वह्या बुडविल्या, याचे दोन्ही गेले. त्यांनी ते ऐकले. ते ऐकून जागचे उठले नाहीत. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची दृढ श्रद्धा आहे, आणि पाण्यात कागद रक्षिले गेल्याचे महाराजांनी स्वतः म्हटले आहे.

वह्या मिळाल्यावर विरोधकांची जिरली असा जयघोष त्यांनी केला असता तर ते स्वाभाविक होते. त्या प्रसंगाचे जे अभंग आहेत त्यांत मात्र भलतेच आहे. लोकांच्या बोलण्याने आपण दुखावलो, आणि त्या दुखावण्यापायी देवाला कष्टविले, हा आपला मोठा अन्याय झाला, अशी त्यांनी देवाची क्षमा मागितली आहे. तेरा दिवसांच्या उपोषणात स्वतःच्या रागाकडेही त्यांनी पाहिले होते, असे यावरून दिसते. रामेश्वर भट्ट पुढे त्यांचे निस्सीम भक्त झाले व त्यांच्या स्तुतिपर रचना त्यांनी केल्या.

देहूच्या भोवती आता सर्व जातींची माणसे जमू लागली. चाकणचे संताजी जगनाडे तेली होते. ते महाराजांचे अभंग लिहून घेत. बहिणाबाई ब्राह्मण कुळातील. गावोगावचे शेतकरी, कारागीर कीर्तनाला येत. त्यांतील बहुतेकांनी तोच दुष्काळ पाहिला होता. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी गेलेले होते. आपल्या बायकोच्या मरणाची लाज उघड सांगणारा माणूस पुढे उभा राहिल्यावर श्रोत्यांना आपले दुःख झाकण्याचे कारण उरत नसेल. ही वाणी एवढी लवकर खेडोपाडी पसरली, त्याचे एक कारण हेही असावे. छापखाने तर पुढे दोनशे वर्षांनी आले. शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा मुंबईस इंदुप्रकाश छापखान्यात निघू लागली ती इ. स. १८६९ पासून. तोवर ही वाणी टाळकऱ्यांच्या गळ्यातच राहात होती. आगरी-कोळ्यांच्या आपल्या किनाऱ्यालगतच्या गावांतही, बांध फुटून खारे पाणी भातखाचरात शिरले किंवा होडी परत आली नाही अशा वर्षीही, एकादशीचे भजन चुकले नाही ते याच गळ्यांमुळे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज या जगातून गेले. त्यांचे सदेह वैकुंठगमन झाले अशी संप्रदायाची श्रद्धा असून तो दिवस तुकाराम बीज म्हणून देहूस दरवर्षी साजरा होतो. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या थोडे पुढे होते. कान्होबांनी थोरल्या भावाच्या वियोगावर केलेले अभंग गाथेबरोबर छापले जातात. त्यांत त्यांनी देवाशी उघड उघड भांडण मांडले आहे, माझा भाऊ परत आणून दे म्हणून. थोरल्या भावापासून धाकटा जे शिकला ते हेच.

जिजाई त्या वेळी गरोदर होती. तिला पुढे मुलगा झाला, तोच नारायण. बापाला त्याने पाहिले नव्हते. या नारायण महाराजांनीच इ. स. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका घेऊन, पंढरीच्या वाटेवर पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूच्या त्याच देऊळवाड्यातून पालखीचे प्रस्थान होते.